क्लाईन तक्ता वापरा, पण 'आदर्श'चा रकाना खोडून

आपली ओढ कुणाकडं, म्हणजे आपला लैंगिक कल काय, हे स्वतः भरून बघायचा हा तक्ता: एक पान, सात ओळी, तीन रकाने, एकवीस चौकोन. फुकट आहे, झेरॉक्सवाला घेईल ते दोन-चार रुपये वेगळे. घाईत दहा मिनिटांत भरून होतो, नीट भरायचा तर दोनदा बसावं लागतं. पाचपैकी साडेतीन गुण. फोनवर इंग्रजी पान उघडून 'मराठी' दाबून वापरणार असाल तर दीड.

आधी त्याच्या फोनवरच्या भावकीचं बघू. लातूरच्या क्लासवाल्या होस्टेलवर किंवा नांदेडच्या अभ्यासिकेत बसून कुणी 'मी गे आहे का' असं शोधलं, की लगेच हाती लागते 'किन्सी टेस्ट'. प्रश्न, जाहिराती, पुन्हा प्रश्न, शेवटी एक आकडा. अमेरिकी लैंगिकता-संशोधक आल्फ्रेड किन्सीनं अशी टेस्ट कधी बनवलीच नव्हती. 1948 साली पुरुषांच्या लैंगिक वर्तनावरच्या अहवालात त्यानं आणि सहकाऱ्यांनी 0 ते 6 अशी पट्टी मांडली. 0 म्हणजे निव्वळ भिन्नलिंगी, 6 म्हणजे निव्वळ समलिंगी, आणि ज्यांना कशाचीच ओढ नाही त्यांच्यासाठी वेगळं 'एक्स'. आकडा ठरवायचा तो समोर बसून सविस्तर मुलाखत घेणारा. शिवाय मनातली ओढ आणि प्रत्यक्ष केलेलं, दोन्ही त्या एकाच आकड्यात कालवलेलं. माणसं दोनच कप्प्यांत मावत नाहीत हे त्या पट्टीनं जगापुढं मांडलं, तो मान तिचाच. पण वेबसाइटवर दशांश चिन्हासकट येणाऱ्या 2.8 ला काडीचा अर्थ नाही.

क्लाईन तक्ता नेमकं हे कालवण सोडवतो. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ फ्रिट्झ क्लाईन यांनी तो 1978 साली मांडला. लैंगिक ओढ, प्रत्यक्ष वर्तन, मनातली चित्रं, भावनिक जवळीक, ऊठबस कुणात, कुठल्या समाजात वावर, आणि स्वतःला काय म्हणवून घेता, अशा सात गोष्टी तो सुट्या विचारतो. प्रत्येकीला तीन आकडे: वर्षापूर्वीपर्यंतचा, गेल्या बारा महिन्यांतला आणि तिसरा 'आयडियल'. आकडे 1 ते 7. 1 म्हणजे फक्त दुसऱ्या लिंगाची माणसं, 4 म्हणजे दोन्ही सारखीच, 7 म्हणजे फक्त आपल्याच लिंगाची. शेवटच्या दोन ओळींत 1 ते 7 तेच, पण मोजायचं लोकांचं लिंग सोडून भिन्नलिंगी-समलिंगी असणं.

आपल्याकडं याचा उपयोग कुठं होतो ते एका भरलेल्या रकान्यावरून दिसेल. उदाहरण बनवलेलं आहे, पण नमुना नेहमीचा. बीड जिल्ह्यातला पंचविशीचा, लग्न झालेला पुरुष. गेल्या बारा महिन्यांचा रकाना असा: ओढ 6, वर्तन 1, मनातली चित्रं 7, भावनिक जवळीक 5, ऊठबस 6, समाज 1, ओळख 1. बेरीज 27, सातानं भागलं की 3.86, म्हणजे जवळपास 4. निदान निघालं: 'दोन्हीकडं सारखाच कल.' आणि अख्ख्या रकान्यात 4 हा आकडा एकदाही नाही! लोक सर्वांत जास्त चुकतात ते इथंच. बेरीज करू नका, सरासरी काढू नका. वाचायची ती आकड्यांमधली दरी. ओढ 6 आणि वर्तन 1 यांत जे पाच घरांचं अंतर आहे तिथं सोयरीक, शेतीची वाटणी, आईचं दुखणं असं सगळं बसलेलं असतं. वर्तनाचा आकडा कल सांगतोच असं नाही; कधी कधी तो फक्त लग्नपत्रिका कधी छापली एवढंच सांगतो.

आता तिसरा रकाना, ज्याच्यासाठी दीड गुण कापला. फोन 'आयडियल'चं भाषांतर 'आदर्श' असं करतो. शब्दकोशाप्रमाणं बरोबर, तक्त्याच्या दृष्टीनं घातक. मराठी माणसाला 'आदर्श' म्हटलं की आदर्श शिक्षक, आदर्श गाव, आदर्श सून आठवते. म्हणजे जे असायला पाहिजे ते, लोक टाळ्या वाजवतील ते. मग भरणारा सातही ओळींत निमूट 1 लिहून मोकळा होतो. क्लाईनना विचारायचं होतं ते वेगळंच: पुढंमागं तुम्हाला स्वतःला काय आवडेल? छापण्याआधी तो शब्द खोडून 'कुणाची आडकाठी नसती तर' असं लिहा. मराठवाड्यातल्या पोरापोरींसमोर तक्ता ठेवताना त्याहून सोपं: 'कोणीच काही म्हणणार नसलं, तर तुला कसं पाहिजे?' त्याच चौकोनात मग 1 ऐवजी दुसरं काही पडायला वाव राहतो.

दुसरा धोकाही याच रकान्यात. ओढीत 6 आणि 'आदर्श'मध्ये 1 असा कागद घरच्यांच्या हाती लागला, की 'लेकराची स्वतःचीच बदलायची इच्छा आहे' असा अर्थ काढून त्याला 'उपचारा'ला नेलं जातं. असा उपचार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं समलैंगिकता आजारांच्या यादीतून 1990 साली काढली. कल बदलण्याची 'थेरपी' देणं हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन असल्याचं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं 2022 साली राज्यांच्या परिषदांना कळवलं. तक्रार महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडं करता येते. आणि अंगातलं उतरवतो म्हणून बाबानं मारहाण केली तर 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहेच.

सातपैकी दोन ओळी आपल्या भागात जवळजवळ निकामी. 'ऊठबस कुणात' ही पहिली. पारावर पोरं पोरांत, हळदीकुंकवाला बाया बायांत. एका गादीवर तिघं झोपतात, खांद्यावर हात टाकून बाजारभर हिंडतात. इथं सगळ्या गावाचाच आकडा 6 येईल. त्यावरून काहीच ठरत नाही. दुसरी, 'कुठल्या समाजात वावर'. अमेरिकेच्या शहरांतल्या बार आणि वस्त्या डोळ्यांपुढं ठेवून केलेली ओळ परभणीच्या माणसानं कशी भरावी? फार तर ऑनलाइन ओळखी धरून भरा, नाहीतर मोकळी सोडा. पाच ओळींत काम भागतं.

'ओळख' या ओळीत शब्दांची गफलत होते. 'उभयलिंगी' म्हटलं की विद्यार्थ्याला जीवशास्त्राच्या वर्गातलं फूल आठवतं, ज्यात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात. मग 'माझ्या शरीरात काही बिघाड आहे का' हा नसता घोर लागतो. इथं अर्थ एवढाच, की स्त्री आणि पुरुष दोघांकडंही ओढ वाटू शकते. आणि तृतीयपंथी हा शब्द या ओळीतला नाही. आपण पुरुष, बाई की आणखी कोणी, ही लिंगभावाची गोष्ट. ओढ कुणाची, ही कलाची. साडी नेसणाऱ्या जोगत्याचा कल नुसत्या साडीवरून कळत नाही. तक्त्याची रचनाच बाई-पुरुष धरून असल्यानं ट्रान्स व्यक्तींना तो अंगाला तोकडा पडतो.

आणखी एक उणीव: 'कुणाचीच ओढ नाही' याला चौकोनच नाही. असे लोक बिचारे मधला 4 लिहितात, आणि कागदावर दोघांचीही जबर ओढ असणाऱ्यासारखे दिसतात. मायकल स्टॉर्म्स या मानसशास्त्रज्ञानं 1980 साली यावर तोड मांडली: एक पट्टी न ठेवता दोन अक्ष ठेवा, एक भिन्नलिंगी ओढीचा, एक समलिंगी ओढीचा. दोन्हींवर शून्य असलेला माणूस मग कोपऱ्यात नीट दिसतो. तक्त्याच्या समासात 'ओढ किती' असा 0 ते 3 चा एक जादा रकाना पेन्सिलीनं आखला तरी हे काम होतं. आमची शिफारस तीच.

मग कल पक्का असतो की सरकता? तक्ता भरायला बसलेल्या प्रत्येकाला उत्तर याचंच पाहिजे असतं, आणि ते एका कागदातून मिळत नाही. लोकांलोकांत पाहिलं तर छटा अनेक आहेत. एकेका माणसात पाहिलं तर बहुतेकांचा कल वर्षानुवर्षं जागचा हलत नाही, काहींचा थोडा सरकतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लिसा डायमंड यांनी स्वतःला निव्वळ भिन्नलिंगी न म्हणवणाऱ्या 79 स्त्रियांचा दहा वर्षं मागोवा घेतला. जवळपास दोन तृतीयांश जणींनी त्या काळात स्वतःला लावलेलं नाव एकदा तरी बदललं. नाव बदलणं म्हणजे ओढ उलटणं नव्हे, आणि आपोआप सरकलेलं म्हणजे ढकलून सरकवता येणारं नव्हे. पाऊस पडतो म्हणून तो पाडता येत नाही, हे मराठवाड्याला वेगळं सांगायला नको. 2019 साली सुमारे 4 लाख 77 हजार लोकांच्या जनुकांचा अभ्यास छापून आला. 'समलैंगिकतेचं एक जनुक' सापडलं नाही. लहान लहान परिणाम असलेल्या अनेक जागा निघाल्या. अन् समलिंगी संबंध कधी आला का, आणि आलेल्यांच्या जोडीदारांत समलिंगी किती, या दोन गोष्टींमागचे जनुकीय धागे एकच नाहीत असंही दिसलं. किन्सीच्या सरळ पट्टीला हा चांगलाच धक्का. अभ्यासातले लोक युरोपीय वंशाचे होते, हे मात्र ध्यानात असू द्या.

वापरायची पद्धत. कोरा तक्ता घ्या. वहीच्या पानावर पट्टीनं आखला तर सर्वांत बरं. संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात झेरॉक्सवाल्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल पाठवाल तर ती तुमच्या नंबरासकट त्याच्या कॉम्प्युटरवर राहते, म्हणून पाठवलीच तर कोरीच पाठवा. भरलेल्याचा फोटो काढू नका. होस्टेलवर फोन चौघांच्या हातात जातो आणि घरी मुलींचा फोन भाऊ बघतो. पहिल्या बैठकीत मधला रकाना भरा, कारण गेलं वर्ष आठवायला सोपं. मग मागचा. तिसरा आठ दिवसांनी, आधीचे दोन झाकून. नाव लिहू नका. नवरा-बायकोनं एकमेकांचा भरू नये, आणि कौन्सेलरनं तो सक्तीनं भरून घेऊ नये.

भरल्यावर जीव घाबरा झाला तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. समोरासमोर बोलायचं तर संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर आणि नांदेड इथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत मनोविकार विभाग आहेत. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 नुसार लैंगिक कलावरून भेदभाव करता येत नाही आणि माहिती गुप्त ठेवावी लागते. तक्ता सोबत न्यायची गरज नाही. ओढ आणि वर्तन हे दोन आकडे तोंडी सांगितले तरी बोलणं सुरू होतं.