गेम डेव्हलपमेंटची डिग्री: दोन सेमिस्टरनंतरचा अनुभव

काल सबमिशनच्या ऐन वेळी लॅबचा पीसी आपोआप रीस्टार्ट झाला आणि डेस्कटॉपवरचा आमचा प्रोजेक्ट गायब. म्हणून हा रिव्ह्यू.

सी शार्प (प्रोग्रॅमिंगची भाषा), युनिटी (गेम बनवायचं इंजिन), ब्लेंडर (थ्रीडी मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर) हे सगळं ब्रोशरमध्ये आहेच. ब्रोशरमध्ये नाही ते सांगतो. लॅबच्या प्रत्येक मशीनवर रीस्टार्टला सगळं पुसणारं सॉफ्टवेअर बसवलंय. व्हायरस नको म्हणून, ठीक. पण युनिटीचा प्रोजेक्ट म्हणजे वर्डची फाइल नव्हे. टेक्स्चर (मॉडेलवर चढवायची चित्रं), मॉडेल, आवाज इंपोर्ट करून युनिटी 'लायब्ररी' नावाचं फोल्डर बनवते. ते पुसलं की सगळं पहिल्यापासून. गिटवरून, म्हणजे कोडच्या आवृत्त्या जपून ठेवणाऱ्या सिस्टिमवरून, प्रोजेक्ट घेतला तरी तेच, कारण लायब्ररी गिटवर टाकत नाहीत. प्रॅक्टिकलचा निम्मा वेळ प्रोग्रेस बार बघण्यात जातो. 'निदान डी ड्राइव्ह तरी सोडा' म्हटलं, तर लॅब असिस्टंट म्हणतात वरून परवानगी आणा. वर गेलं की म्हणतात लॅबमध्ये विचारा. शेवटी वर्गणी काढून एसएसडी घेतली. एवढी फी भरून वर वर्गणी!

पहिल्या सेमिस्टरनंतर मी 'यूट्यूबवर शिका, पैसे वाचवा' असं बिनधास्त सांगत होतो. आता नाही सांगणार, आणि त्याला कारण डिझाइनच्या मॅडम. सुरुवातीचे तास त्यांनी कॉम्प्युटरला हातच लावू दिला नाही. सापशिडीचा पट पुढे टाकून विचारलं, यात खेळणारा ठरवतो काय? काहीच नाही, फासा पडेल तसं सरकायचं. मग म्हणाल्या, एकच नियम बदला. आम्ही दोन फासे टाकून एक निवडायचा असं केलं. लगेच सगळे बोटांनी घरं मोजायला लागले. पण शिड्या फार सहज मिळायला लागल्या, म्हणून उरलेला फासा समोरच्याला द्यायचं ठरवलं. त्यावर जी भांडणं लागली, तेव्हा कळलं गेम जमला. चिडायला समोर माणूस लागतो, तो व्हिडिओत कुठून आणणार?

आता गोडो हे दुसरं गेम इंजिनही शिकवा अशी मागणी केलीय. एडिटर हलका, इन्स्टॉल करायची गरज नाही. शिवाय सप्टेंबर 2023 मध्ये युनिटीने गेमच्या इन्स्टॉलमागे डेव्हलपरकडून शुल्क घ्यायचं जाहीर केलं आणि वर्षभराने मागे घेतलं, तेव्हापासून एकाच इंजिनवर विसंबायला नको वाटतं.

राहता राहिली फीची पावती. तिच्यात 'सॉफ्टवेअर शुल्क' वेगळं लावलंय. ब्लेंडर फुकट, गोडो फुकट, विद्यार्थ्यांना युनिटीही फुकट. मग हे कशाचे पैसे, असं अकाउंट्सला लेखी विचारलंय. उत्तर आलं की अपडेट टाकतो.