शालेय खो-खो स्पर्धा: पाचपैकी साडेतीन तारे

कोपरखैरण्यात माझं पोळी-भाजी केंद्र आहे. त्या दिवशी पहाटे साडेतीनलाच तवा चढवला, दीडशे पोळ्या उरकल्या आणि आठच्या ठोक्याला लेकीबरोबर मैदानावर हजर. ती नववीत, 17 वर्षांखालच्या मुलींच्या खो-खो संघात. तेव्हा राज्याच्या क्रीडा व युवक सेवा खात्याच्या शालेय स्पर्धांबद्दल हे आईच्या नजरेतून.

मला आवडली ती शिस्त. वयोगट तीनच, 14, 17 आणि 19. महापालिका स्तरावर जिंकलात की पुढे मुंबई विभाग, मग राज्य. ओळखीपाळखीचं काम नाही, आणि पंच तर असे की देवालाही फाऊल देतील. आमच्याच बाईसाहेब चौथ्या चौकात बसलेल्या. मागून पोरगी आली, पाठीवर हात पडायच्या आतच ही उठली! शिट्टी. पाठलाग उलटा फिरवावा लागला आणि हातात आलेली धावणारी निसटली. मी बाहेरून ओरडले, "कशाला उठलीस गं?" पंचांनी माझ्याकडे असं बघितलं की पुढचा डाव मी तोंडावर पदर धरून पाहिला. उपांत्य फेरीत दोन गुणांनी हरलो.

आता मैदान. कुणाचं ते सांगत नाही, पण पोरींसाठी देण्याआधी तिथल्या मंडळींनी एकदा त्यावर अनवाणी चालून बघावं. खांबापाशी खडी. आदल्या रात्रीच्या पावसात मैदानाच्या रेषांची फक्की अर्धी वाहून गेलेली, ती पुन्हा मारेपर्यंत दहा वाजले. शौचालय एक, त्याला कडी नाही, म्हणून एक पोरगी आत आणि दुसरी दार धरून बाहेर. पाण्याचे जार दोन, अकराला रिकामे. मी एकटी बाई रोज दीडशे माणसांचं ताट सांभाळते, तुम्हाला पाण्याचा हिशेब जमत नाही?

दरवर्षी 15 जानेवारीला खाशाबा जाधवांच्या जयंतीचा राज्य क्रीडा दिन असतो. 1952 साली हेलसिंकी ऑलिंपिकला कुस्ती खेळायला जायला त्या माणसाला लोकांकडून पैसे गोळा करावे लागले होते. त्यांच्या फोटोला हार घालताना हेही आठवावं.

प्रमाणपत्राचं प्रकरण मात्र सुखाचं निघालं. शाळेने यादीत नावच चुकीचं धाडलेलं, सानिकाची सारिका. आडनाव बरोबर, त्यामुळे मलाही घरी येईपर्यंत कळलं नाही. मला वाटलं, आता चार खेटे. पण कार्यालयातल्या बाईंनी मुख्याध्यापिकांचं पत्र आणि बोनाफाईड मागितलं, पुढच्या आठवड्यात दुरुस्त कागद हातात. वर स्वतःहून सांगितलं, "ताई, हे लॅमिनेट करू नका, झेरॉक्स काढून ठेवा." पुढे दहावी-बारावीला सवलतीचे गुण मागायचे असोत की सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या 5 टक्के आरक्षणासाठी पडताळणी करायची असो, खेळाचे कागद जपलेलेच बरे. नव्या पालकांनो, पोरं मैदानावरून आली की आधी नावाचं स्पेलिंग बघा, मग गुडघा.

दीड तारा कापला तो खडी, कडी आणि पाण्याचा. पुढच्या वर्षी एक जार मी स्कूटीवर घालून नेणार आहे, पीटीच्या सरांना तसं सांगूनही ठेवलंय.