चालू करताच डेस्कटॉप, की आधी पिन? घरच्या कॉम्प्युटरसाठी लॉगिनचे पर्याय

सांगलीत वळवाचा पाऊस सुरू झाला की लाईटचा भरवसा नसतो. यूपीएस नसेल किंवा त्याची बॅटरी गेलेली असेल, तर एकाच दुपारी कॉम्प्युटर तीनदा बंद पडतो, तीनदा सुरू होतो आणि तीनदा पासवर्ड मागतो. पासवर्ड पाठ असतो नातवाला, नातू असतो क्लासला, आणि समोर बसलेल्या आजींना फक्त कीर्तन लावायचं असतं. मग "ते पासवर्डचं झंझट काढूनच टाका" असं ठरतं. काढायला पाच मिनिटंही लागत नाहीत. पण काढण्याचे मार्ग तीन-चार आहेत आणि प्रत्येकाची किंमत वेगळी आहे, म्हणून हात लावण्याआधी ते शेजारी शेजारी ठेवून पाहिलेले बरे.

पुढचं बहुतेक विंडोज 10 आणि 11 बद्दल आहे, कारण आपल्याकडे घरोघरी तेच असतं. शेवटी थोडं लिनक्स या मोफत मिळणाऱ्या सिस्टीमबद्दलही.

पासवर्डच रिकामा ठेवला तर?

हा सगळ्यात सोपा आणि माझ्या मते सगळ्यात कच्चा मार्ग. मायक्रोसॉफ्टच्या ईमेल खात्याने लॉगिन होत असेल तर तो बंदच आहे, कारण त्या खात्यावर रिकामा पासवर्ड चालत नाही. लोकल, म्हणजे ईमेलशी न जोडलेलं, त्या कॉम्प्युटरपुरतं खातं असेल तर पासवर्ड बदलताना नवीन पासवर्डची जागा कोरी सोडायची. कॉम्प्युटरवर तेवढं एकच खातं असेल तर विंडोज सरळ डेस्कटॉपवर जातं.

त्रास नंतर कळतो. रिकाम्या पासवर्डचं खातं विंडोज फक्त समोर बसलेल्या माणसाला वापरू देतं, नेटवर्कवरून नाही. म्हणजे हॉलमधल्या कॉम्प्युटरवरचं शेअर केलेलं फोल्डर बेडरूममधल्या लॅपटॉपवरून त्या खात्याने उघडायला गेलात तर दार बंद. दुसरं म्हणजे क्रोममध्ये साठवलेले पासवर्ड बघायला डोळ्याच्या चिन्हावर क्लिक केलं की एरवी विंडोजचा पासवर्ड किंवा पिन विचारला जातो. इथे विचारायला काही उरतच नाही, पासवर्ड थेट दिसतो. ज्या मशीनवर गाणी आणि पिक्चर याशिवाय काहीच होत नाही, तिथेच हे करावं.

ऑटो लॉगिन

यात पासवर्ड असतो, पण चालू होताना विंडोज तो स्वतःच भरतं. नेटवर्क शेअरिंग चालू राहतं, क्रोम विचारायचं तेव्हा विचारतं, आणि कॉम्प्युटर लॉक केला तर उघडताना पासवर्ड लागतोच. रिकाम्या पासवर्डपेक्षा हे केव्हाही बरं.

करायची नेहमीची पद्धत अशी: विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबायचं, चौकटीत एन ई टी पी एल डब्ल्यू आय झेड ही अक्षरं सलग टाइप करून एंटर मारायचं. खात्यांची यादी येते. तिच्या वर 'यूझर्स मस्ट एंटर' अशी सुरू होणारी ओळ असते. यादीतलं हवं ते खातं निवडायचं, त्या ओळीची टिक काढायची, अप्लाय करायचं आणि दोनदा पासवर्ड द्यायचा.

दोन ठिकाणी घोडं अडतं. पहिलं, ती टिकची ओळच दिसत नाही. तेव्हा सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, त्यात साइन-इन ऑप्शन्स उघडा. तिथे 'फॉर इम्प्रूव्हड सिक्युरिटी' अशी सुरू होणारी एक सोय चालू असते, ती बंद केली की ओळ परत येते. दुसरं जास्त छळतं. पासवर्डच्या जागी लोक पिन टाकतात. ती चौकट पासवर्ड बरोबर आहे का हे तपासत नाही, निमूटपणे ओके म्हणते. पुढच्या वेळी कॉम्प्युटर चालू केला की 'पासवर्ड चुकीचा' असा संदेश येतो आणि ऑटो लॉगिन बिघडलं असं वाटतं. बिघडलेलं काही नसतं. तिथे पिन नाही, खात्याचा खरा पासवर्ड हवा. ईमेल खातं असेल तर त्या ईमेलचा. तो पासवर्ड पुढे कधी बदललात तर इथेही पुन्हा भरावा लागतो. आणि मे 2025 पासून मायक्रोसॉफ्टची नवी खाती मुळातच पासवर्डशिवाय उघडली जातात. अशा खात्यात इथे भरायला पासवर्डच नसतो, तेव्हा लोकल खातं करणंच सोपं.

ही ओळ शोधत बसायची नसेल तर ऑटोलॉगऑन नावाचं छोटं मोफत साधन आहे. ते सिसइंटर्नल्स या संचातलं आहे. मार्क रुसिनोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांची ती कंपनी मायक्रोसॉफ्टने 2006 मध्ये घेतली, त्यामुळे हे साधन मायक्रोसॉफ्टच्याच साइटवर मिळतं. नाव आणि पासवर्ड भरून एनेबल दाबलं की झालं. नको झालं की डिसेबल. कधी दुसऱ्या खात्यात जायचं असेल तर चालू होताना शिफ्टचं बटण दाबून धरलं की त्या वेळेपुरतं ऑटो लॉगिन थांबतं. पासवर्ड ते सांकेतिक स्वरूपात ठेवतं, पण ॲडमिनचे, म्हणजे कॉम्प्युटरवर काहीही बदलायचे अधिकार असलेल्याला तो सहज काढता येतो, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय.

तिसरी वाट रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदवहीत जाऊन हाताने पासवर्ड लिहिण्याची. यूट्यूबवर ती हौसेने दाखवतात. तिथे तुमचा पासवर्ड साध्या अक्षरांत, कुणालाही वाचता येईल असा पडून राहतो. वरच्या दोन पद्धती असताना याची गरज मला तरी कळलेली नाही.

पिन आणि बोटाचा ठसा

ऑटो लॉगिन मागणाऱ्या बऱ्याच घरांना खरं तर पिन पुरेसा असतो. त्यांचा राग लॉगिनवर नसतो, कॅपिटल अक्षर, आकडा आणि ॲटचं चिन्ह असलेल्या लांबलचक पासवर्डवर असतो. चार आकडे आजीही टाकतात. मोबाईलला रोज टाकतातच.

पिनचा खरा फायदा असा की तो त्या एका मशीनपुरताच असतो. शेजारच्या पोराला तुमचा पिन कळला तरी त्याच्या घरून तुमचा ईमेल उघडत नाही. त्याला तुमच्या खुर्चीतच येऊन बसावं लागेल. पासवर्डचं तसं नाही. 1234 किंवा 1111 असे सरळ पिन विंडोज नाकारतं. मग लोक गाडीचा नंबर टाकतात, जो दारात उभ्या गाडीवरच लिहिलेला असतो.

ठशाचं यंत्र यूएसबीला लावता येतं आणि ते झटपट चालतं, पण ज्यांच्यासाठी घ्यायचं त्यांचीच बोटं ऐनवेळी साथ देत नाहीत. शेतात राबलेल्या माणसाचा ठसा रेशन दुकानातल्या मशीनवर लागत नाही हे आपण बघतोच, मग इथे लागेल याची खात्री काय? चेहऱ्याने उघडायला इन्फ्रारेड कॅमेरा लागतो, साध्या वेबकॅमवर ते होत नाही.

मग घ्यायचं काय?

घरात एकट्याचाच वापर असेल, बँकेचं काम त्यावर होत असेल, तर पिन. विश्रामबागेत खोली घेऊन राहणाऱ्या तिघा-चौघा विद्यार्थ्यांत एक कॉम्प्युटर असेल तरी पिन, प्रत्येकाचं वेगळं खातं. मुलांचा वेळ मायक्रोसॉफ्टच्या फॅमिली सेफ्टी या सोयीने बांधून दिला असेल तर वडिलांच्या खात्यावर ऑटो लॉगिन म्हणजे सगळं मुसळ केरात. वेळेची मर्यादा मुलाच्या खात्याला असते, आणि मुलगा तर वडिलांच्या खात्यात बसलेला असतो.

पण एकत्र कुटुंबातल्या हॉलमधल्या कॉम्प्युटरसाठी मी एकाऐवजी दोन खाती सुचवतो, आणि माझ्या मते ऑटो लॉगिनचा प्रश्न मुळात इथेच सुटतो. 'घर' नावाचं एक लोकल खातं करायचं, स्टँडर्ड प्रकारचं, ॲडमिन नव्हे. ऑटो लॉगिन त्यालाच. त्यात यूट्यूब, बातम्या, ऑनलाइन सातबारा बघणं, नातवंडांचे गेम. तुमचं स्वतःचं खातं वेगळं, ॲडमिनचं, पिनच्या आड. लाईट गेली-आली तरी आजींसमोर थेट डेस्कटॉप, आणि तुमचे मेल व बँकेच्या साठवलेल्या गोष्टी मात्र तुमच्याच खात्यात. 'घर' मधून कुणी काही नवीन इन्स्टॉल करायला गेलं तर विंडोज बहुतेक वेळा ॲडमिनचा पासवर्ड किंवा पिन मागतं, हा वरचा फायदा. पोरांनी आणलेली निम्मी ब्याद इथेच अडते.

यात एक भोक मात्र आहे, आणि ते नेमकं आपल्या सवयीचं आहे. विंडोज उडालं तरी डेटा वाचावा म्हणून आपण सगळं डी ड्राइव्हवर ठेवतो. दुसऱ्याच्या डॉक्युमेंट्समध्ये स्टँडर्ड खात्याला डोकावता येत नाही, पण डी ड्राइव्ह सहसा कॉम्प्युटरवरच्या सगळ्याच खात्यांना मोकळा असतो, बघायलाही आणि खोडायलाही. म्हणजे खाती दोन केली आणि आधार-पॅनच्या स्कॅन केलेल्या फाइली डीवरच राहिल्या, तर केलं न केलं सारखंच. त्या फाइली स्वतःच्या डॉक्युमेंट्समध्ये हलवा आणि एक प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर ठेवा. हळदीची अडत असलेल्यांच्या घरी टॅलीचा डेटाही बऱ्याचदा डीवरच असतो. तो तिथेच ठेवायचा असेल तर टॅलीतल्याच टॅलीव्हॉल्ट या सोयीचा पासवर्ड लावा, म्हणजे फाइल हाती लागली तरी उघडत नाही.

आणखी एक सांगायला हवं, कारण पासवर्डकडून लोक नको तेवढी अपेक्षा ठेवतात. डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येऊ नये अशी सांकेतिक केलेली नसेल तर ती काढून दुसऱ्या मशीनला जोडली की फाइली दिसतात. पासवर्ड होता की ऑटो लॉगिन, याने काही फरक पडत नाही. उलट एन्क्रिप्शन चालू असेल आणि तुमच्या मुख्य खात्याला ऑटो लॉगिन असेल, तर आख्खा कॉम्प्युटर उचलून नेणाऱ्यापुढे तो आपणहून उघडतो. कॉम्प्युटर घराबाहेर जात नाही असं वाटतं, पण 2019 आणि 2021 च्या पुरात कृष्णाकाठच्या लोकांना विचारा. चार दिवस घर सोडायची वेळ आली की सामान कुणाच्या माळ्यावर जाईल याचा नेम नसतो.

जुन्या मशीनवर

विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि ज्या जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज 11 बसत नाही त्यांवर काही जण लिनक्स मिंट टाकतात. तिथे ऑटो लॉगिन हवं का, हे मिंट बसवतानाच विचारलं जातं. नंतर करायचं तर लॉगिन विंडोच्या सेटिंगमध्ये मिळतं. होम फोल्डर एन्क्रिप्ट केलं असेल तर ते जमत नाही. एक गंमत होते: डेस्कटॉप न विचारता उघडतो, पण क्रोम उघडलं की कीरिंगचा, म्हणजे साठवलेले पासवर्ड ठेवलेल्या कुलूपबंद पेटीचा पासवर्ड मागणारी चौकट येते. एरवी ते कुलूप लॉगिनच्या पासवर्डने आपोआप निघतं, इथे पासवर्ड टाकलाच नाही तर निघणार कसं? कीरिंगचा पासवर्ड रिकामा केला की चौकट थांबते, पण मग साठवलेले पासवर्डही उघडे पडतात. 'घर' सारख्या खात्यात चालेल, तुमच्या खात्यात नको.

झोपेतून उठताना, आणि काढून टाकताना

ऑटो लॉगिन फक्त चालू होतानाचं आहे. स्लीपमधून उठताना विंडोज पुन्हा विचारतं, आणि "तुम्ही केलेलं चालत नाही" असा फोन बहुतेक वेळा यावरूनच येतो. 'घर' खात्यात राहून सेटिंग्जमधल्या साइन-इन ऑप्शन्समध्ये, किती वेळाने पुन्हा लॉगिन मागायचं तिथे 'नेव्हर' करा.

कॉम्प्युटर विकायचा किंवा दुरुस्तीला द्यायचा असेल तर आधी ऑटो लॉगिन काढा. पहिल्या पद्धतीत टिक परत लावायची, ऑटोलॉगऑनमध्ये डिसेबल. कुणी रजिस्ट्रीतून केलं असेल तर ऑटो लॉगिन चालू ठेवणाऱ्या नोंदीत नुसता एकचा शून्य करून भागत नाही. 'डिफॉल्टपासवर्ड' ही नोंद तिथेच राहते, ती हाताने खोडावी लागते, आणि तोच पासवर्ड दुसरीकडे कुठे वापरला असेल तर तिथलाही बदलावा लागतो.