मुळशी रस्त्यावरचे पेंटबॉल मैदान : बंदूक उत्तम, तपासणी अपुरी

पेंटबॉल, म्हणजे रंग भरलेल्या गोळ्या एकमेकांवर झाडण्याचा खेळ, पहिल्यांदा खेळणाऱ्याने मैदान निवडताना सजावट आणि जेवणाच्या थाळीआधी हातात येणारी बंदूक पाहावी, आणि या कसोटीवर मुळशी रस्त्यालगतचे हे मैदान बऱ्याच अंशी उतरते. इथले मार्कर (या खेळातल्या बंदुका) साध्या यांत्रिक बनावटीचे आहेत. खेळाआधी एका कर्मचाऱ्याने त्यातला एक उघडूनच दाखवला, त्यामुळे आमच्यातल्या शाळकरी मुलांनाही त्याची रचना कळली. चाप ओढला की अडकवून ठेवलेली हातोडी स्प्रिंगच्या जोराने झडपेवर आदळते. झडप क्षणभर उघडून बंदुकीला जोडलेल्या टाकीतला वायू सुटतो, त्याचा काही भाग गोळी नळीतून बाहेर फेकतो आणि उरलेला हातोडीला मागे रेटून पुन्हा अडकवतो, म्हणून दर वेळी हाताने काही ओढावे लागत नाही. तोवर वरच्या हॉपरमधून, म्हणजे गोळ्यांच्या डब्यातून, पुढची गोळी आपल्याच वजनाने खाली आलेली असते.

गोळी ०.६८ इंच व्यासाची, सुमारे ३ ग्रॅम वजनाची. कवच जिलेटिनचे आणि आतला रंग पाण्यात विरघळणारा, तेव्हा कपड्यांची चिंता नको. (मुळात या बंदुका झाडांवर आणि गुरांवर खुणा करण्यासाठी होत्या, त्यांचा खेळ झाला तो १९८१ मध्ये, अमेरिकेतील न्यू हॅम्पशायरच्या जंगलात.)

कार्बन डायऑक्साइडऐवजी दाबाखालच्या हवेच्या टाक्या ठेवल्या आहेत, ही मोठी जमेची बाजू. कार्बन डायऑक्साइड टाकीत द्रवरूपात असतो व त्याचा दाब तापमानानुसार बदलतो, त्यामुळे पुण्यातल्या एप्रिलच्या दुपारी आणि डिसेंबरच्या सकाळी एकच बंदूक वेगवेगळ्या जोराने मारते. हवेच्या टाकीवरचा रेग्युलेटर मात्र दाब बराचसा स्थिर ठेवतो.

तक्रार आहे ती वेगाच्या तपासणीबद्दल. सेकंदाला ३०० फूट ही सर्वत्र पाळली जाणारी कमाल मर्यादा असताना वेगमापक यंत्र मागितल्यावरच बाहेर आले, आणि एका बंदुकीचा वेग मर्यादेपलीकडे निघाल्यावर स्क्रू फिरवून तो कमी करण्यात आला. गोळ्याही उघड्या पिशवीत ठेवलेल्या होत्या. पावसाळी हवेत जिलेटिन ओलावा शोषते, गोळ्या फुगतात आणि नळीतच फुटतात. मास्कच्या काचांवर वाफ धरत होती, तरी मैदानाबाहेर आल्याशिवाय रेफरीने कोणालाही मास्क काढू दिला नाही, आणि नळीच्या तोंडावर कापडी टोपी चढवल्याखेरीज एकही बंदूक बाहेर येऊ दिली नाही.