चिंतेचं ॲप: वही भारी, घंटी बंद करा

तीन महिने वापरून लिहितेय. घेतलं होतं श्वासाच्या व्यायामासाठी आणि तोच भाग सगळ्यात साधा निघाला. गोल मोठा होतो, श्वास घ्या, छोटा होतो, सोडा, मिनिटाला साधारण ६. श्वास सोडायला जास्त वेळ घेतला की धडधड उतरते हे खरंय, पण त्याला ॲप कशाला, सेकंदकाटा पण चालतो.

पैसे वसूल झाले ते ॲपमधल्या वहीत. पोटात गोळा आला, तळहात ओले झाले की चार रकाने भरायचे: काय झालं, आता काय होईल असं वाटतंय, भीती १० पैकी किती, आणि नंतर खरं काय झालं. माझी पहिली नोंद, साहेबांचा मेसेज, "फ्री झालीस की कॉल कर". भीती ९. काय होईल? नोकरी जाणार. मग चाळीस मिनिटं फोन हातात, दोनदा बाथरूम, आणि खरं काय झालं तर त्यांना एका फाइलचा पासवर्ड हवा होता 😐

अशा नोंदी साठल्यावर मागे जाऊन वाचल्या तेव्हा कळलं की लगेच फोन केला त्या दिवशी ९ चा ४ व्हायला पाच मिनिटं पण लागली नाहीत, आणि "नंतर करू" म्हटलं की तेवढ्यापुरतं हायसं वाटायचं पण पुढच्या फोनला परत ९ च. म्हणजे माझी चिंता मीच टाळून टाळून पोसत होते, आणि इतकी वर्षं मी याला ॲसिडिटी म्हणत होते!

दर दोन आठवड्यांनी जीएडी-७ पण येतं, म्हणजे चिंता किती आहे ते मोजायची प्रश्नावली, ७ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३, एकूण २१. माझे १३ आले. १० किंवा जास्त आले तर डॉक्टरांना दाखवा असं ॲपच सांगतं, नुसत्या आकड्यावरून निदान होत नाही हेही लिहिलंय, ते आवडलं. डॉक्टरांनी आधी थायरॉइड तपासायला लावलं, त्याचं हार्मोन जास्त झालं तरी अशीच धडधड होते आणि हात थरथरतात म्हणे. नॉर्मल आलं. आता समुपदेशन चालू आहे, तिथे हीच वही उघडून बसतो.

आता तक्रार. घड्याळ जोडलं की ठोके वाढल्यावर हे टिंग करतं. जिना चढले, टिंग. ते बघून अजून धडधड, मग परत टिंग. एका रात्री मी नाडी बघत दोन वाजेपर्यंत जागी. वर अकरा वाजता मेसेज, "आज तुम्ही शांत झाला नाहीत, सलग दिवस तुटतील". अरे बाबा, चिंता कमी करायला घेतलंय ना तुला? कस्टमर केअरला लिहिलं तर छापील उत्तर आलं.

साडेतीन स्टार. घेतलंत तर आधी हे टिंग बंद करा, बटण "सूचना" मध्ये नाहीये, "प्रोफाइल" मध्ये पार खाली आहे.