व्हायब्रेशन प्लेट: बोर्ड बदलला, आकडा तोच, हादरा वेगळा

आईसाठी घेतलेल्या या प्लेटबद्दल, म्हणजे ज्यावर उभं राहून व्यायाम करतात त्या थरथरणाऱ्या मशीनबद्दल, पावसाळ्याआधी कोणी विचारलं असतं, तर मी सरळ 'घ्या' म्हटलं असतं. आता एक अट घालते. मॉडेल नेहमीचंच: डावी-उजवी बाजू आळीपाळीने वर-खाली होते, स्पीड 1 ते 99, रिमोट, रबरी दोऱ्या.

जुलैत आमच्या डिचोलीत वीज सारखी ये-जा करत होती, त्यात मशीनचा कंट्रोल बोर्ड उडाला. फोनवर फोन केल्यावर सर्व्हिसवाला आला आणि नवीन बोर्ड बसवून गेला. संध्याकाळी आई नेहमीच्या 20 वर उभी राहिली आणि तिने माझा खांदा घट्ट धरला. "अगे बंद कर, डोळ्यांपुढचं सगळं हलतंय."

प्लेट नवी असताना मोबाइल तिच्यावर टेपने चिकटवून ॲपवर कंपनं मोजली होती, तेव्हा 20 वर साधारण 8 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला 8 कंपनं, येत होती. आता त्याच 20 वर 11. फरक तीनचाच दिसतो, पण हलण्याचं अंतर तेवढंच राहिलं तर धक्क्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे जवळजवळ दुप्पट. सर्व्हिस सेंटरचं उत्तर: "मॅडम, स्पीड कमी ठेवा." कमी म्हणजे किती? डब्यावर हर्ट्झ नाही, पुस्तिकेत नाही, प्लेट किती मिलिमीटर हलते तेही नाही. ताकद न छापलेली गोळी आपण आईला देऊ का? माझा सगळा राग इथे आहे, बिघाडावर नाही.

शिवाय 'कमी' म्हणजे आपोआप सुरक्षित असंही नाही. पाठीच्या कण्याची स्वतःची कंपनं 4 ते 6 हर्ट्झच्या आसपास असतात, त्या वेगाला शरीर धक्का शोषण्याऐवजी वाढवतं. माझे मामा 2012 मध्ये गोव्यातल्या खाणी बंद होईपर्यंत टिपर (खनिजाचा ट्रक) चालवत होते, कंबर त्यांनी तिथेच घालवली. अशा कामगारांसाठी युरोपने 2002 मध्ये आठ तासांच्या कामासाठी हादऱ्यांच्या जोराची मर्यादा ठरवली: 0.5 मीटर प्रति सेकंद वर्गाला मालकाने उपाय करायचे, 1.15 च्या वर जायचंच नाही. सीटवर तासन्‌तास बसणं आणि प्लेटवर मिनिटभर उभं राहणं यांची थेट तुलना होत नाही, हे मला मान्य आहे. पण तिथे आकडा आहे आणि आमच्या हॉलमधल्या मशीनवर नाही.

मशीन परत करायचं जवळजवळ ठरलं होतं. म्हापशाच्या फिजिओथेरपिस्टकडे आईला नेलं आणि मत थोडं बदललं. गुडघे किंचित वाकवायचे, वजन चवड्यांवर घ्यायचं. गुडघे ताठ ठेवले की धक्का थेट डोक्यापर्यंत जातो. पाय मधल्या रेषेजवळ आणायचे, कारण या प्रकारात पाय जितके बाहेर तितका झोका मोठा. डोकं हललं किंवा दात वाजले की थांबायचं. इतकं सांभाळल्यावर तेच मशीन आईला सोसू लागलं. चतुर्थीला ती पाटावरून आधाराशिवाय उठली. श्रेय अर्थात एकट्या प्लेटचं नाही, खुर्चीवरून उठण्या-बसण्याचे व्यायामही रोज चालू आहेत. स्नायूंची ताकद आणि तोल यांना वयस्करांमध्ये थोडी मदत होते, तेवढी अपेक्षा ठेवा.

हाडं मजबूत होतील म्हणून घेत असाल तर पैसे वाचवा. टोरंटोत रजोनिवृत्ती झालेल्या 202 महिलांवर कमी जोराच्या कंपनांच्या प्लेटची वर्षभर चाचणी झाली, निष्कर्ष 2011 मध्ये आले: हाडांच्या घनतेत फायदा नाही. नुसतं उभं राहून पोट उतरेल, हेही विसरा.

गरोदरपण, पायात रक्ताची गुठळी, पेसमेकर, नुकतंच ऑपरेशन, कृत्रिम सांधा, मुतखडा, अपस्मार, सरकलेली मणक्याची गादी, डोळ्याच्या पडद्याचा त्रास यांपैकी काहीही असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाय ठेवू नका. आमच्या विक्रेत्याने यातला एकही प्रश्न विचारला नव्हता.

आता मी स्वतः मोजून हर्ट्झ लिहिलेली पट्टी पॅनलवर चिकटवली आहे. कंपनीकडे आकडे लेखी मागितलेत, उत्तर नाही. तुम्ही दुकानात आधी हर्ट्झ आणि मिलिमीटर विचारा. सांगता आले नाहीत, तर ते मशीन घेऊ नका.