थीम पार्कची मजा घरी आणायची तर: चुरो, अननस, भूत की पडदा?

सहलीहून आणलेले उंदराच्या कानांचे हेअरबँड चार दिवसांत कपाटावर जातात. मुलांच्या डोक्यात राहतो तो हातातला गरम चुरो, अननसाचं गार व्हिप, अंधारातलं भूत आणि झोपाळ्यात बसल्यावर तोंडावर आलेला वारा. नेमक्या याच गोष्टी घरी करता येतात. फक्त चारही एकदम करायला गेलात तर रविवार स्वयंपाकघरात संपतो आणि मुलं टीव्हीसमोर. एकच निवडायची असेल तर कोणती?

आम्ही सगळ्यांना एकच कसोटी लावली आहे: मंगळवारी रात्री आठला, दप्तर भरून झाल्यावर, हे पुन्हा करता येईल का? एकदाच होणारी गोष्ट म्हणजे वाढदिवस, आणि तो घरात तसाही होतोच.

चुरो

अमेरिकेतल्या डिस्ने पार्कांत गाड्यांवर मिळणारा हा लांब, दालचिनी-साखरेत घोळवलेला तळणीचा पदार्थ. पीठ म्हणजे मैद्याची उकड. मोदकाच्या उकडीवर ज्यांचा हात बसला आहे त्यांना यात नवीन काही नाही. 240 मिली पाण्यात एक मोठा चमचा लोणी, एक चहाचा चमचा साखर आणि चिमूटभर मीठ घालून खळखळ उकळायचं, गॅस बंद करून 125 ग्रॅम मैदा एकदम ओतायचा आणि गोळा भांड्याची कड सोडेपर्यंत जोरात घोटायचं. दहा मिनिटं झाकून ठेवायचं. तेवढ्यात ते सोऱ्यात भरण्याइतकं निवतं. गरम गरम भरलं तर सोऱ्या हातात धरवत नाही.

सोऱ्याला चकलीची चांदणीची चकती लावायची, आणि ही शोभा नव्हे. गोल, गुळगुळीत भोकातून पाडलेला चुरो बाहेरून आधी कडक होतो, आतली वाफ कोंडते आणि तो तेलात फुटतो. उकळतं तेल अंगावर उडण्याचं हे सर्वांत मोठं कारण. कंगोऱ्यांमुळे पृष्ठभाग वाढतो आणि उष्णता आतपर्यंत सारखी पोचते. दुसरं कारण पिठातल्या कोरड्या गुठळ्या आणि सोऱ्यात अडकलेली हवा, म्हणून पीठ भरताना दाबून भरा. सोऱ्या थेट कढईवर धरू नका. बटर पेपरवर बोटभर जाडीचे, वीतभर लांबीचे तुकडे पाडा आणि कागदासकट अलगद तेलात सोडा. कागद सुटला की चिमट्याने काढून घ्या.

तेल 180 ते 190 अंशांवर हवं. थर्मामीटर नसेल तर पिठाचा कण टाकून पाहा: तो लगेच बुडबुड्यांसह वर आला पाहिजे. तेल कमी तापलं तर चुरो तेल पितो, जास्त तापलं तर आत कच्चा राहतो. एका बाजूला दोन ते तीन मिनिटं पुरतात. 100 ग्रॅम साखरेत दोन चहाचे चमचे दालचिनी पूड कालवून त्यात गरम असतानाच घोळवा, गार झाल्यावर साखर चिकटत नाही. परदेशातल्या अपार्टमेंटमध्ये तळण काढणार असाल तर आधी एक्झॉस्ट चालू करा, नाहीतर कढई तापताच स्मोक अलार्म ओरडायला लागतो.

चव उत्तम, पण पंधरा मिनिटांत नरम पडतो आणि एक माणूस सबंध वेळ कढईपाशी अडकतो. मंगळवारच्या कसोटीत नापास. रविवारी, आठ वर्षांपुढच्या मुलांसाठी, तेही गॅसपासून लांब बसलेल्या मुलांसाठी, जरूर.

अननसाचं व्हिप

डिस्नेलँडमध्ये 1986 पासून मिळणारं डोल व्हिप, म्हणजे अननसाचं मऊ आइस्क्रीम. चुरोच्या तुलनेत याचा मोठा फायदा असा की आगीचा संबंध नाही आणि कष्टाचा भाग आदल्या रात्री आटोपतो. तरी घरोघरी हे बिघडतं, आणि कारण जवळजवळ नेहमी एकच असतं: ताजा अननस आणि दूध. अननसातलं ब्रोमेलेन हे विकर दुधातल्या प्रथिनांचे तुकडे करतं, आणि ते तुकडे कडू लागतात. फ्रीझरमध्ये ठेवून ब्रोमेलेन मरत नाही, उष्णतेने मरतं. डब्यातला अननस आधीच तापवलेला असल्याने तो चालतो. ताजाच वापरायचा तर फोडी पाच मिनिटं उकळून घ्या, किंवा दुधाऐवजी नारळाचं दाट दूध घाला.

चार वाट्यांसाठी डब्यातल्या अननसाच्या 450 ग्रॅम फोडी निथळून ताटात एका थरात रात्रभर गोठवा. एकावर एक रचल्या तर दगड होतो आणि मग तो फोडायला सुरी उपसावी लागते. बाहेर काढून पाच-सात मिनिटं तशाच ठेवा. मग 120 मिली नारळाचं दूध, दोन मोठे चमचे पिठीसाखर, एक चमचा लिंबाचा रस आणि चिमूटभर मीठ घालून थांबत थांबत फिरवा. एकसारखा फिरवला तर मिक्सर तापून बंद पडतो. बहुतेक मिक्सरच्या तळाशी लाल बटण असतं. जरा वेळाने ते दाबलं की पुन्हा चालू होतो, पण तोवर व्हिप पातळ झालेलं असतं. साखर मुळीच कमी करू नका. साखर कमी पडली की गोळा बर्फाचा होतो, मऊपणा येत नाही. पिशवीत भरून चांदणीच्या तोटीतून वाटीत उंच गोल फिरवा, मग मुलांना ते ‘तिथलं’ वाटतं.

पाच वर्षांखालच्या मुलांचं घर असेल तर आमचा कौल यालाच.

अंधारातलं भूत

डिस्नेलँडच्या हाँटेड मॅन्शनमध्ये (1969) नाचणारी भुतं दिसतात ती 1862 मध्ये लंडनमध्ये जॉन हेन्री पेपर यांनी रंगमंचावर दाखवलेल्या युक्तीने. प्रकाश पडलेल्या आकृतीचं प्रतिबिंब काचेत पडतं, आणि काचेपलीकडचं दृश्यही दिसत राहतं. हे बुटांच्या खोक्यात होतं, ओटा पुसावा लागत नाही, आणि एकदा बनवलं की पुढच्या वेळी पाच मिनिटांत तयार. मंगळवारच्या कसोटीत पहिला नंबर यालाच.

साधारण 30 सेंटिमीटर लांब, 18 खोल आणि 11 उंच खोकं घ्या. लांबीची एक बाजू पूर्ण कापून काढा, आत काळा कागद चिकटवा. ओएचपीच्या (ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या) ए-फोर पारदर्शक कागदाची 15.5 सेंटिमीटर रुंदीची पट्टी कापा. लांबी तशीच 29.7 राहू द्या. पट्टीची खालची कड उघड्या बाजूच्या तळाशी आणि वरची कड 11 सेंटिमीटर आत, छताला टेकवून चिकटवा. 45 अंश आपोआप साधतात. छतात, उघड्या बाजूलगत, फोनपेक्षा किंचित लहान खिडकी कापा आणि फोन आडवा, पडदा खाली करून ठेवा. काळ्या पार्श्वभूमीवर एकच उजळ आकृती असलेला व्हिडिओ लावा. आकृतीचे पाय तुमच्याकडे आले पाहिजेत, नाहीतर भूत उलटं लटकतं. अक्षरं उलटी दिसतात, तेव्हा नाव लिहिलेला व्हिडिओ टाळा.

खरी गंमत इथे आहे. पट्टीची वरची कड जिथे छताला टेकते त्याच्या अगदी खाली एक खेळण्यातली बाहुली उभी करा. भूत नेमकं तितक्याच अंतरावर दिसतं, बाहुलीला खेटून. मग बाहुलीवर मंद टॉर्च मारा, विझवा, पुन्हा मारा. बाहुली येते-जाते, भूत तसंच राहतं.

कुठे फसतं? जाड काच किंवा अ‍ॅक्रिलिक वापरलं की दोन्ही पृष्ठभागांवरून प्रतिबिंब पडतं आणि भूत दुहेरी दिसतं. पट्टी मधे लोंबली तर आकृती ताणलेली दिसते. दोन्ही कडांना पुठ्ठ्याच्या पट्ट्या द्या. बोटांचे ठसे सगळ्यांना आधी दिसतात. आणि खोलीत बाहेरचा उजेड असला तर काहीच दिसत नाही. घाबरट मुलाला आधी फोन उचलून दाखवा, मग खोकं अंधारात न्या.

पडद्यावरची राइड

म्हणजे राइडचा व्हिडिओ भिंतीवर मोठा लावायचा आणि समोर खुर्च्या मांडून बसायचं. पहिला प्रश्न: प्रोजेक्टर घरात आहे का? नसेल तर केवळ यासाठी घेऊ नका. जाहिरातीतले हजारो ल्युमेन (उजेडाचं माप) पाहून घेतलेला स्वस्त प्रोजेक्टर दिवेलागणीलाही फिका पडतो. एएनएसआय ल्युमेनचा, म्हणजे ठरलेल्या प्रमाण पद्धतीने मोजलेल्या उजेडाचा, आकडा दिला नसेल तर सोडून द्या. प्रोजेक्टर असेलच तर 1.4 थ्रो रेशोच्या (अंतर भागिले चित्राची रुंदी) यंत्राला 2 मीटर रुंद चित्रासाठी 2.8 मीटर अंतर लागतं, म्हणजे दहा फुटी खोली जेमतेम पुरते. चादरीतून उजेड आरपार जातो, पांढरी भिंत बरी. आवाज ब्लूटूथ स्पीकरवर मागे पडू शकतो, वायर लावा.

याची ताकद चित्रात नाही, वाऱ्यात आहे. कॅलिफोर्नियातल्या डिस्ने पार्कात 2001 मध्ये सुरू झालेल्या सोअरिन नावाच्या राइडच्या मूळ चित्रफितीत संत्र्याच्या बागांवरून ‘उडताना’ तोंडावर वारा आणि संत्र्याचा वास यायचा. घरी टेबलफॅन खुर्च्यांसमोर ठेवा आणि उतार आला की एकाने फॅनपुढे नागपुरी संत्र्याची साल पिळावी. सालीतलं तेल हवेबरोबर तोंडावर येतं. याला एक संत्रं लागतं. मात्र राइड चार-पाच मिनिटांचीच ठेवा. डोळ्यांना वेग दिसतो आणि कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला तो जाणवत नाही, त्यामुळे मळमळतं, तेही जेवण झालेलं असेल तर जास्त.

यांपैकी काहीही निवडा, खोलीत शिरण्याची एक रीत ठेवा. डिस्नेलँडमध्ये रेल्वेच्या रुळांखालच्या बोगद्यातून आत जावं लागतं, आणि बाहेर पडताच रस्ता एकदम समोर येतो. दारावर दोन चिमट्यांनी एक जुनी साडी लावा, आतला दिवा आधी लावून ठेवा, आणि मुलांना बाहेर रांगेत तीन मिनिटं उभं करा. पाच मिनिटं केलीत तर भांडणं सुरू होतात.